एक लाख बोटुकली नदीत सोडण्याआधी

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही दहा-बारा जण नाशिकचे हौशी गळवाले. सुट्टीच्या दिवशी दारणा, मुकणे धरणांच्या फुगवट्याला बसता. पूर्वी दुपारपर्यंत पिशवीत दोन-चार चांगले मासे असायचे. आता गळाचं भेंड हलत नाही, आणि हललंच तर तिलापिया, तो बाहेरून आलेला मासा. म्हणून वर्गणी काढून जूनअखेर, पहिल्या पाण्यात, गोदावरीत एक लाख मत्स्यबीज सोडायचं ठरवलंय. निम्मं कटला-रोहू, निम्मं महसीर. एकाच खर्चात गळालाही मासा लागेल आणि नदीचंही भलं होईल, असा हिशोब. बीज कुठून घ्यावं आणि दर काय, एवढंच विचारलंय.

दर आत्ता सांगत नाही. मी याच जिल्ह्यात बावीस वर्षं हॅचरी, म्हणजे मत्स्यबीज तयार करायचं केंद्र, चालवतो. घर बीज विकून चालतं, त्यामुळे लाखाची ऑर्डर हातची घालवताना मलाही जड जातंय. पण तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न अडकलेत. गळाला लागावा म्हणून सोडायचा मासा आणि वंश टिकावा म्हणून सोडायचा मासा, यांची हॅचरीतली तयारी एकमेकांच्या उलट असते. दोन्ही कामं हॅचरी करू शकते. एकाच पिशवीतून मात्र नाही.

आधी परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. पाणी कोणाचं, हा पहिला मुद्दा. धरणांचे जलाशय बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, आणि बीज सोडणं हा त्या ठेक्याचाच भाग असतो. तिथे तुम्ही परस्पर काही सोडलं तर पिढ्यान्‌पिढ्या जाळ्यावर जगणाऱ्या माणसाच्या शेतात न विचारता पेरणी केल्यासारखं होईल. नांदूरमध्यमेश्वर तर विचारातच घेऊ नका. ते अभयारण्य आहे, २०२० पासून राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्रही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. तिथे गळ नाही आणि बीजही नाही. दुसरा मुद्दा, मासा कमी का झाला. बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्लं उचलली गेली असतील, बंधाऱ्यांमुळे अंडी घालायला वर जाणारी वाट तुटली असेल, वाळू उपसल्याने डोह आणि उथळ खडीचे पट्टे गेले असतील, किंवा शहराखालच्या पट्ट्यात पाणवेलीखाली पाण्यातला प्राणवायू संपत असेल. ज्या कारणाने आधीचा मासा गेला ते कारण जागेवरच असेल, तर तुमचे लाख मासे त्याच वाटेने जातील.

आता हॅचरीत काय होतं ते बघा. कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात वाढतात, पण तिथे अंडी देत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून पूर्वी तळ्यांना लागणारं बीज नद्यांतूनच गोळा करायचे, पुराच्या कडेला बारीक जाळी लावून. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही या शास्त्रज्ञांनी पीयूषिका (पिट्यूटरी) ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घेऊन दाखवली. तो दिवस आजही देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. हॅचरीने नदीचं भलं केलं का असं कोणी विचारलं की मी हेच आधी सांगतो. नदीत काही न सोडता केलेला हा उपकार आहे. नदीतलं बीज उचलायची गरज त्यामुळे घटली.

आज आमच्याकडे गोल हौद असतो. जुलैत पाऊस लागला की संध्याकाळी नर-मादीला इंजेक्शन द्यायचं आणि पाणी गोल फिरवत ठेवायचं. पहाटेपर्यंत माशांना वाटतं नदीला पूर आलाय. अंडी चौदा ते अठरा तासांत फुटतात आणि तिसऱ्या दिवशी आपण ज्याला मत्स्यजिरे म्हणतो ते तयार होतं, खरोखर जिऱ्याएवढं. ते इंचभर झालं की बीज, पुढे अर्धबोटुकली, मग बोटाएवढी बोटुकली. आता सांगा, तुमचे एक लाख म्हणजे यातलं काय? लाखभर जिरं दोन-तीन पिशव्यांत मावतं, लाखभर बोटुकलीला गाड्या लागतात. ‘एक लाख मासे नदीत सोडले’ अशी बातमी वाचली की मी फोटोत पिशव्या मोजतो. तुम्हीही मोजत जा.

या पद्धतीत एक खोट आहे, ती धंद्यातलाच माणूस म्हणून सांगतो. नर कमी लागतात, मादी महत्त्वाची, असं म्हणत ज्याला लवकर बीज हवं तो थोड्याच नरांवर भागवतो. समजा ५० माद्या आणि २ नर वापरले. आनुवंशिकीचा हिशोब असा: माद्या गुणिले नर गुणिले ४, भागिले एकूण मासे. म्हणजे ४०० भागिले ५२, साधारण पावणेआठ. हौदात मासे ५२, पण पुढच्या पिढीच्या दृष्टीने ते आठच. तेच २५ नर आणि २५ माद्या घेतल्या तर उत्तर ५० येतं. खाण्यासाठी वाढवायच्या माशाला पहिला हिशोब चालून जातो, कारण तो वर्षभरात ताटात जाणार. नदीत ज्याने पुढे पोरंबाळं घालायची त्याला तो चालत नाही. शिवाय कटला आणि रोहू एकाच हौदात सोडले की सरमिसळ होऊन संकर निघतात. बाजारात त्याची तक्रार कोणी करत नाही, नदी करेल.

दुसरी खोट डोळ्यांना दिसते. माझ्या संगोपन तळ्यावर सकाळी मी चालत गेलो की पावलांच्या कंपनाने पिल्लं काठाला गोळा होतात. त्यांना माहीत असतं, सावली आली म्हणजे पेंड आली. नदीत सावली म्हणजे बगळा किंवा पाणकावळा. आमच्या तळ्यात जे पिल्लू धीट आणि अधाशी, ते जगतं आणि मोठं होतं. नदीत तेच पहिलं जातं. आम्ही मुद्दाम निवड करत नाही, तळंच करतं. अमेरिकेत ओरेगनमधल्या हूड नदीवर स्टीलहेड या ट्राउट माशाच्या वंशावळी तपासल्या होत्या. तो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. हॅचरीत वाढलेल्या दर पिढीमागे माशाची नदीत पिल्लं वाढवण्याची ताकद सुमारे ४० टक्क्यांनी घटत होती. त्याच देशातल्या मोंटाना राज्याने १९७४ मध्ये आपल्या नद्यांत ट्राउट सोडणं थांबवलं, कारण जिथे सोडणं बंद केलं तिथे रानटी ट्राउट वाढताना दिसले. गळवाल्यांनी आधी आरडाओरडा केला. आज तिथल्या नद्या गळवाल्यांमध्येच नावाजलेल्या आहेत.

पण महसीरचं काय, असं तुम्ही म्हणाल. इथे मला जरा जास्त लिहावं लागेल.

दख्खनचा महसीर आपल्या ओळखीचा मासा. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळ मुळा-मुठेतून मिळालेल्या माशांवरून १८३९ मध्ये त्याचं वर्णन छापलं आणि शास्त्रीय नावात ‘खुद्री’ घातलं. साइक्सची ही सवय मला आवडते. कोलूस, मुल्या, बोगट, फुलुंगी अशी इथल्या लोकांच्या तोंडची नावंच त्याने लॅटिनच्या शेजारी बसवली. तर हा महसीर धरणं, मासे मारायला लावलेले सुरुंग आणि जाळी यांनी कमी होत गेला, आणि १९७० च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याजवळ वळवणला त्याची हॅचरी सुरू केली. काम सोपं नाही. कटला-रोहूची मादी किलोमागे लाख-दोन लाख अंडी देते, महसीरची काही हजारच. ती अंडी जड, तळाला बसणारी. मादीचं पोट हलक्या हाताने दाबून ती काढायची, नराचं शुक्र मिसळायचं, मग ट्रेमध्ये गार वाहत्या पाण्याखाली ठेवायची. फुटायला तीन दिवस लागतात आणि त्यानंतरही पिल्लू बरेच दिवस पोटाखालची पिवळी शिदोरी घेऊन कोपऱ्यात डोकं खुपसून बसतं. वळवणने लाखो पिल्लं काढून दाखवली. हे मोठं काम आहे आणि त्याला मी हात जोडतो.

त्यातली काही पिल्लं दक्षिणेत कावेरीत गेली. हेतू तुमचाच होता: महसीर वाचेल आणि गळवाल्यांना मोठा मासा मिळेल. पण कावेरीत स्वतःचा एक महसीर आधीपासून होता, पाठीला कुबड असलेला, जगातल्या सगळ्यात मोठ्या महसीरांपैकी एक. बाहेरून आलेला हा निळसर पराचा दख्खनचा महसीर तिथे रुजला, वाढला, आणि कुबडवाला दिसेनासा होत गेला. कुबडवाल्याला शास्त्रीय ओळख नीट मिळाली ती २०१८ मध्ये. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणूनही नोंदला गेला. नाव मिळालं तोवर मासा चालला होता. जाळी, सुरुंग आणि धरणं तिथेही दोषी आहेतच. पण महसीरनेच महसीरची जागा घेतली, ही गोष्ट मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगतो.

आता हेच आपल्या अंगणात आणून बघा. त्र्यंबकच्या डोंगरातून गोदावरी पूर्वेला निघते आणि तिथल्याच रांगेतून वैतरणा पश्चिमेला. पावसाचा एक थेंब इकडे पडला तर बंगालच्या उपसागरात, हातभर तिकडे पडला तर अरबी समुद्रात. माणूस मोटारसायकलवर अर्ध्या तासात एका खोऱ्यातून दुसऱ्यात जातो, मासा हजारो वर्षं गेलेला नाही. दोन्हीकडच्या माशांचं दिसणं सारखं असलं तरी रक्त वेगळं असू शकतं. म्हणून लोणावळ्याचं, कर्नाटकातलं किंवा वैतरणेचं महसीर-बीज गोदावरीत ओतणं म्हणजे संवर्धन नाही. संवर्धनासाठी हॅचरी चालवायची तर जोडीचे मासे त्याच नदीतून घ्यावे लागतात, नर-मादी भरपूर आणि दरवर्षी नवे, प्रत्येक जोडीची नोंद ठेवून. पिल्लांना माणसाची सवय लागू न देता, वाहत्या पाण्यात, दगडांमध्ये वाढवावं लागतं. आणि कधीतरी थांबायचं असतं. नदीतले मासे आपले आपण वाढायला लागले की हॅचरीने बाजूला व्हायचं. हे शेवटचं आम्हा हॅचरीवाल्यांना सगळ्यात अवघड जातं.

हॅचरीशिवाय महसीर टिकल्याचं उदाहरणही त्याच वैतरणेवर आहे. वाड्याजवळ तिळसे इथे शंकराच्या देवळाशी नदीच्या डोहातल्या माशांना कोणी हात लावत नाही. महाडकडे काळ नदीवरच्या वाळणकोंडीत तसंच, वरदायिनीच्या नावाने. बीज नाही, योजना नाही. एक खोल डोह, उन्हाळ्यातही टिकणारं पाणी, आणि ‘इथला मासा देवाचा’ एवढा नियम.

माझी एक चूक सांगतो, कारण तुमच्या जूनअखेरच्या बेताशी तिचा संबंध आहे. धंद्यात नवा असताना एका पाझर तलावात मी जुलैच्या सुरुवातीला इंचभर बीज सोडलं. लोक जमले होते, नारळ फुटला, फोटो निघाले. तीन आठवड्यांत तलाव भरून सांडव्यावरून वाहायला लागला आणि मासे ओढ्याने खाली गेले, जे आधीच मरळ-शिवड्याच्या पोटात गेले नव्हते ते. वर भर म्हणजे त्या बीजात दोन-चार टक्के तिलापियाची पिल्लं मिसळली होती. बाहेरून आणलेला लॉट मी घाईत न चाळता ओतला होता. रोहूचा पत्ता नाही, पण दोन वर्षांत तलाव तिलापियाने भरला. ती गल्लत सर्वस्वी माझी. तेव्हापासून मी बीज पांढऱ्या घमेल्यात ओतून, उन्हात धरून, एकेक बघितल्याशिवाय पुढे देत नाही. तुम्हीही बघून घ्या, विकणारा मी असलो तरी.

एवढं सगळं ऐकवल्यावर करायचं काय ते सांगतो. तुमचे दोन हेतू दोन वेगळ्या पाण्यांत न्या.

गळाची हौस भागवायला शेततळं धरा. निफाड, सिन्नर, चांदवड, येवल्याकडे द्राक्षबागांसाठी प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेकडो तळी आहेत. एखाद्या ओळखीच्या बागायतदाराशी बोला. एक तळं वर्षभरासाठी ठरवा, त्यात हाताएवढे कटला-रोहू सोडा, खाद्याचा खर्च वाटून घ्या आणि रविवारी गळ टाका. इथे हॅचरीचा मासा अगदी बरोबर कामाला येतो: लवकर वाढणारा, अधाशी, माणसाला न भिणारा. जे नदीत वाईट तेच इथे चांगलं. धरलेला मासा घरी न्या, संपले की पुन्हा सोडा. नदीवरचा तेवढा भार कमी होतो. फक्त दोन अटी. तळ्याचं पाणी ओढ्यात सांडता कामा नये. आणि स्वस्त मिळतो म्हणून थाई मांगूर आणू नका. त्याच्यावर बंदी आहे आणि ती योग्य आहे. हा मासा चिखलातून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो आणि वाटेत दिसेल ते खातो. लहान मुलांना गळ टाकायला शिकवायचं असेल तर शेततळ्यासारखी जागा नाही. कठडा आणि दोर मात्र आधी, मासे नंतर. कागदाच्या तळ्यात पडलेल्या मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही.

धरणात काही करायचं असेल तर ठेकेदार संस्थेकडे जा आणि त्यांच्या नेहमीच्या बीजात तुमची वर्गणी घाला. तीही आकडा वाढवायला नको, आकार वाढवायला द्या. इंचभराचे लाख सोडण्यापेक्षा चार इंचांवरचे पाच हजार परवडतात, कारण ते मरळीच्या तोंडात सहज मावत नाहीत. जुलैचं बीज तळ्यात किंवा पिंजऱ्यात वाढवून, धरणाचे दरवाजे बंद झाल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये सोडायचं. आदल्या दिवशी त्यांना उपाशी ठेवायचं, म्हणजे पिशवीतलं पाणी घाण होत नाही. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर पोहोचायचं, बंद पिशव्या पंधरा-वीस मिनिटं जलाशयात तरंगू द्यायच्या, मग थोडं थोडं बाहेरचं पाणी आत घ्यायचं आणि माशांना आपले आपण बाहेर जाऊ द्यायचं. पिशवी उंचावरून ओतायची नाही, फोटो कितीही छान येत असला तरी. रामकुंडावर पुण्य म्हणून मासे सोडायला येणाऱ्यांनाही मी हेच सांगतो. तिथे घाटाच्या दगडात त्या पिल्लाला लपायला फटसुद्धा नाही.

आणि नदीसाठी? नदीसाठी एक वही घ्या. चेष्टा करत नाही. कावेरीतला कुबडवाला कमी होतोय हे आकड्यांत दिसलं ते कुठून, तर मासेमारीच्या कॅम्पवर गळवाल्यांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलेल्या नोंदींतून. सरकारी मोजणी नव्हती, संशोधकांची जाळी नव्हती. मासा धरून सोडून देणाऱ्या हौशी लोकांच्या वह्या होत्या. तुम्ही बारा जण आहात, वर्षाचे पन्नास रविवार पाण्यावर बसता. तारीख, जागा, किती तास बसलो, कोणता मासा, किती इंच, सोडला की नेला, एवढंच लिहायचं. काही लागलं नाही तर तेही लिहायचं. रिकामा रविवार ही सगळ्यात महत्त्वाची नोंद असते आणि नेमकी तीच कोणी लिहीत नाही. दोन वर्षांच्या वहीतून कळेल कोणत्या डोहात देशी मासा उरलाय, अंड्यांनी भरलेल्या माद्या कधी लागतात, तिलापिया कुठून वर सरकतोय. त्यानंतर एखादा डोह निवडून गावाशी बोला, की इथे पावसाळ्याचे दोन महिने ना जाळं, ना गळ. त्याला पैसे लागत नाहीत, गावातली नाती सांभाळावी लागतात, ते त्याहून महाग असतं हे मान्य.

सोडून द्यायचे मासे धरताना गळाचा उलटा काटा पक्कडने दाबून टाका, हात ओले करून मासा धरा आणि पाण्यातच सोडवा. कोरड्या हाताने त्याची चिकट साय निघते आणि मग तो बुरशीने मरतो, आपल्याला वाटतं जगला.

महसीरचा विषय तोपर्यंत बाजूला ठेवा. दारणेच्या किंवा गोदेच्या वरच्या अंगाला तुमच्यापैकी कोणाला खरंच महसीर लागला, तर शेजारी फूटपट्टी ठेवून बाजूने फोटो काढा, वहीत जागा लिहा आणि सोडून द्या. तसे दहा-वीस फोटो जमले तर इथल्याच माशांच्या जोड्या घेऊन काही करता येईल का, याबद्दल बोलायला मी स्वतः तुमच्याकडे येईन. एकही जमला नाही, तर बीज कशासाठी सोडायचं हा प्रश्न वेगळ्या माणसांसमोर मांडावा लागेल.

जूनमध्ये काही घेऊ नका. शेततळं ठरलं आणि धरणाचे दरवाजे बंद झाले की सप्टेंबरात पुन्हा लिहा, तेव्हा दरही सांगतो.